पुदिन्याचा चहा करणारं भूत

मराठी भूत चहा करत नाही. ते मागतं. नारळ मागतं, कोंबडा मागतं, दहीभात मागतं, विडी मागतं, क्वचित क्वार्टरही मागतं. आणि मागितलेलं तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवून मागे वळून न बघता घर गाठायचं, हा नियमही तेच घालून देतं. भूत स्वयंपाकघरात शिरलं, त्यानं आधण ठेवलं, ट्रे भरला आणि "दमून आला असाल" अशा थाटात बाहेर आणला, असं मी कोकणात ऐकलेलं नाही, देशावर ऐकलेलं नाही आणि पुण्यात तर माणसांच्या बाबतीतही फारसं ऐकलेलं नाही.

त्यामुळे लिओ पहिल्यांदा भेटला तेव्हा मी भुतापेक्षा ट्रेकडेच बघत राहिलो.

'लिओ : अ घोस्ट स्टोरी' हे २०१५ सालचं अमेरिकन चित्रपुस्तक. गोष्ट मॅक बार्नेटची, चित्रं ख्रिश्चन रॉबिन्सनची. न्यूयॉर्क टाइम्स दरवर्षी उत्तम चित्रांची बालपुस्तकं निवडतं, त्यात त्या वर्षी हे होतं, आणि ते रास्तच आहे. अख्खं पुस्तक निळ्या, करड्या, काळ्या आणि पांढऱ्या रंगांत उरकलंय. लाल नाही, पिवळा नाही. आपल्याकडे बालपुस्तक म्हटलं की मुखपृष्ठावर सात रंग आणि आत सदऱ्यावर गुलाबी ठिपके असलेला उंदीर, हे ठरलेलं. तिथं चार रंगांत भागवणाऱ्या माणसाचं मला कौतुक वाटलं. लिओ म्हणजे नुसती निळसर रेघ. छोटा मुलगा, टाय वगैरे लावलेला, आणि त्याच्या पोटातून पलीकडची भिंत दिसते.

हा लिओ गावाबाहेरच्या एका जुन्या घरात एकटाच राहतो. पुस्तकं वाचतो, धुळीत बोटानं चित्रं काढतो. एक दिवस त्या घरात नवं कुटुंब राहायला येतं. लिओला कोण आनंद! तो पुदिन्याचा चहा करतो, टोस्टवर मध लावतो आणि ट्रे घेऊन पाहुण्यांच्या स्वागताला निघतो. पाहुण्यांना लिओ दिसत नाही. दिसतो तो हवेतून तरंगत येणारा ट्रे. पुढचं सांगायला नकोच. लोक बोंबलत पळतात, तज्ज्ञ बोलावतात. एक शास्त्रज्ञ येतो, एक धर्मगुरू येतो, एक अतींद्रिय शक्तीवाली बाई येते. लिओच्या लक्षात येतं की आपण इथं नकोसे आहोत. तो घराचा निरोप घेतो आणि शहरात निघून जातो. तिथं माणसं त्याच्या आरपार चालत जातात.

भूत माणसांना घाबरून घर सोडतं! वास्तविक भाडेकरू काढायचा हा उपाय उलट्या बाजूनं आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. वाड्यात भूत आहे अशी आवई उठवली की खालचे बिऱ्हाडकरू दोन महिन्यांत जागा सोडतात, हे मालकवर्गाचं पिढीजात ज्ञान. पण भुतालाच नोटीस?

तिकडच्या बालसाहित्यात ही एक परंपराच दिसते. मोठ्यांची भुतं गळा दाबतात, छोट्यांची भुतं गळ्यात पडतात. कॅस्पर आपल्याला टीव्हीमुळे माहीत. तोही मुळात १९३०च्या दशकाच्या शेवटी मुलांच्या पुस्तकासाठी रचलेला, सीमोर राइट आणि जो ओरिओलो या दोघांनी. पडद्यावर तो पहिल्यांदा आला १९४५ साली. बिचारा हात पुढे करतो आणि समोरचा किंचाळून पळतो, या एका प्रसंगावर त्यानं वर्षानुवर्षं काढली. कॅस्पर पडद्यावर येण्याच्याही आधी, १९४४ साली, रॉबर्ट ब्राइटचा जॉर्जी आला. हा माझा खास लाडका, कारण त्याचं दुःख एकटेपणाचं नसून बेकारीचं आहे. विटकर नावाच्या नवरा-बायकोच्या पोटमाळ्यावर हे लाजरं भूत राहतं. रोज रात्री ठरल्या वेळी जिन्याची एक फळी करकरवायची आणि दिवाणखान्याचं दार कुरकुरवायचं, एवढंच त्याचं काम. त्या आवाजावर मालक-मालकीण झोपायला जातात, मांजर शिकारीला निघतं, घुबड घुमायला लागतं. एक दिवस विटकरसाहेब फळीला खिळा ठोकतात आणि बिजागरीला तेल घालतात. झालं, जॉर्जीची नोकरी गेली! तो दुसरं घर शोधत हिंडतो, तर बहुतेक घरी आधीच एकेक भूत कामावर. मुलांसाठी लिहिलेल्या या गोष्टीतला तो वणवण हिंडण्याचा भाग वाचताना मला गिरणी संपानंतरचं गिरणगाव आठवलं. त्याची नोकरी परत कशी मिळते? हिवाळ्यात थंडीवाऱ्यानं खिळा सैल होतो, फळी पुन्हा हलायला लागते.

म्हणजे तिकडच्या भुताला एक तर मित्र नाही किंवा काम नाही. आमच्या भुतांची परिस्थिती याच्या नेमकी उलट. त्यांना उसंत नसते, आणि त्यांची लेखी नोंदही आहे.

नाशिकच्या विजयानंद थिएटरात १९०९ साली अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळ्या घातल्या, तो कलेक्टर जॅक्सन लोकसमजुती जमवायचा. त्यासाठी गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या गेल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन नावाच्या अधिकाऱ्यानं ते सगळं जुळवून छापलं. त्यातला कोकणचा खंड १९१५ सालचा. मला त्या मास्तरांचं फार कौतुक वाटतं. वरून कागद आला : आपल्या गावातील भुते कोणती, ती कोठे राहतात, काय खातात, कशी घालवितात. आज असं परिपत्रक आलं तर शिक्षक संघटना मोर्चा काढील. त्या मास्तरांनी निमूटपणे, जनगणना करावी तशी भुतांची जातवार नोंद करून पाठवली. मुंजा : सोडमुंज व्हायच्या आत गेलेला ब्रह्मचारी, पत्ता पिंपळ. समंध : जीव वाड्यात किंवा पैशात अडकलेला. हडळ : बाळंतपणात गेलेली, पावलं उलटी. गिऱ्हा : मुक्काम पाण्यात. खवीस, झोटिंग, जखीण, चकवा, देवचार, प्रत्येकाचा हुद्दा वेगळा, हद्द वेगळी, मागणी वेगळी. गिऱ्ह्यानं पिंपळावर यायचं नाही, मुंजानं पाण्यात उतरायचं नाही. महसूल खात्यात हद्दीवरून जेवढे तंटे झाले तेवढेही यांच्यात झाल्याचं ऐकिवात नाही.

आणि या सगळ्यांचा अधिपती वेताळ. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला त्याचं, म्हणजे वेतोबाचं, देऊळ आहे. भक्त त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. मोठ्या म्हणजे किती, तर लहान मूल एकीत मांडी घालून बसेल. देव रात्री गावाच्या रक्षणाला फिरतो म्हणून त्या झिजतात, असं मानतात. हे मला कुठल्याही भूतकथेपेक्षा जास्त पटतं. ज्याच्या चपला झिजण्याची काळजी अख्खा गाव करतो, तो एकटा कसा असेल? आमच्याकडे भुतांना लोक भितात हे खरं, पण विसरत नाहीत. सालाबादप्रमाणे वेशीवर राखण द्यायची, देवचाराचा नारळ वेळेवर पोचवायचा, लग्नाची पहिली पत्रिका देवाला आणि त्याच दमात "त्या पलीकडच्याला" पानविडा. काका-पुतण्यात कोर्टात दावा चालू असतो, बोलणं बंद असतं, पण दोघंही आंब्याखालच्या त्या पलीकडच्याला नारळ देऊन येतात. स्वतंत्रपणे.

लिओचं पुस्तक आमच्या घरात आलं ते भाचीच्या मुलामुळे. तो न्यू जर्सीत जन्मलेला, सहा वर्षांचा, मे महिन्यात आजोळी आलेला. रात्री जेवणं झाल्यावर पडवीत मी त्याला ते पुस्तक मराठीतून वाचून दाखवत होतो आणि पलीकडे खुर्चीत मावशी वाती वळत बसली होती. मावशी नव्वदीला टेकलीय. तिला ऐकू कमी येतं, पण आपल्याशी संबंध नसलेलं सगळं येतं.

"ह्यो लिओ खंयचो?"

मी म्हटलं, "मावशी, तो भूत आहे."

"ता कळला माका. पण गाव खंयचा? बापूस कोण? कशान गेलो?"

मी पुस्तक उलटसुलट केलं. लिओ कसा मेला, केव्हा मेला, त्याचे आईवडील कोण, याबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. इतक्या लहान मुलाच्या भुताच्या गोष्टीत एक मूल मेलेलं असणार, हा विचार मी सोयीनं बाजूला ठेवला होता. मावशीनं तो थेट मध्ये आणून बसवला. लेखकानं मात्र शहाणपणा केलाय. ते दार त्यानं उघडलंच नाही, आणि सहा वर्षांच्या माणसालाही ते उघडायची गरज वाटली नाही. त्याचं सगळं लक्ष टोस्ट खाली सांडणार का याकडे होतं.

मग नवं कुटुंब पळालं, शास्त्रज्ञ आला, धर्मगुरू आला, ती बाई आली. मावशीच्या हातातली वात थांबली.

"इतकी माणसां जमली, आणि तेका कोणी इचारल्यान काय, तुका काय व्हया म्हणान?"

नाही विचारलं. मी पुन्हा पानं चाळली. खरंच कोणी विचारत नाही.

"खुळ्यांचो बाजार!" मावशी म्हणाली आणि पुन्हा वाती वळायला लागली.

त्या रात्री मला पहिल्यांदा उमगलं की लिओची अडचण तो दिसत नाही ही नव्हेच. आमच्याकडचं तरी कुठलं भूत दिसतं? सगळी ऐकीवच. पण आमच्याकडे भुताची चाहूल लागली की पहिल्यांदा चौकशी होते. कोण तू? कुठला? कुणाचा? कशासाठी आलास? काय हवं? एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला आपण हेच प्रश्न याच क्रमानं विचारतो आणि घाट संपेपर्यंत त्याच्या मेव्हण्याचा पगारही काढून घेतो. या चौकशीला सुशिक्षित लोक भोचकपणा म्हणतात. म्हणोत. पण या प्रश्नांच्या माऱ्यात एकटं राहणं ही गोष्ट माणसाला जमत नाही, तिथं भुताची काय कथा? चौकशी संपली की घासाघीस सुरू होते. ते कोंबडा मागतं, आपण नारळावर येतो, शेवटी अंड्यावर तुटतं. हे झाल्यावर मैत्री झाली असं नाही म्हणता येणार, पण व्यवहार ठरला, आणि आपल्याकडची अर्धीअधिक नाती त्याच्या पुढे कुठं जातात?

"काय हवं?" हा प्रश्न इतका दुर्मीळ की तो ऐकायला मिळावा म्हणून काही माणसं भूत झालेली मी पाहिली आहेत.

आमच्या वाडीत एका काकूंच्या अंगात समंध यायचा. काकू एरवी अशा की घरात आहेत की नाहीत हे भांड्यांच्या आवाजावरून ओळखावं. मोठं खटलं, पहाटे चारला चूल, रात्री दहाला अंथरूण, आणि सासरे लग्नापासून त्यांच्याशी एक शब्द थेट बोललेले नाहीत. काही सांगायचं तर वाशाकडे बघून सांगायचे. पण वर्षाकाठी एकदा, भातकापणी आटोपली की काकू केस सोडून ओटीवर येऊन बसायच्या आणि पुरुषी आवाजात म्हणायच्या, "मी आलोय." मग तेच सासरे खांद्यावरचं उपरणं सावरून, हात जोडून समोर उभे राहायचे. "महाराज, काय हवं आपल्याला?"

समंध जुन्या काळातला. पेशवाईत खाडीपलीकडच्या सावकाराचा कारकून होता म्हणे. पण त्याची मागणी फार नेमकी असायची. साडी हवी. जांभळी, फिकट, बारीक काठांची. दुकानात दर्शनी टांगलेली नव्हे, आतल्या फळीवरची. नारळाच्या वड्या, त्याही गुळाच्या नव्हे. आणि या बाईला आठ दिवस माहेरी धाडायचं, सकाळी साडेसहाच्या एस.टी.नं, कारण दुपारची गाडी तिठ्यापर्यंतच जाते. पेशवाईतल्या कारकुनाला एस.टी.चं वेळापत्रक तोंडपाठ कसं, असा प्रश्न त्या घरात कुणालाही पडला नाही. की पडला आणि सगळ्यांनीच गिळला? सासूबाई तर फार हुशार बाई होत्या. मला दाट संशय आहे की त्यांच्याही अंगात त्यांच्या काळी कुणीतरी येऊन गेलं असावं.

पुढे काकांना मुंबईत नोकरी लागली आणि दोघं डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायला गेली. तिथं काका संध्याकाळी घरी येताना विचारायचे, काही आणायचंय का? समंध पुन्हा कधी आला नाही. डोंबिवलीची हवा त्याला मानवली नसावी, असं सासूबाईंचं मत पडलं.

सगळ्याच घरांत हात जोडणारे सासरे नव्हते. अनेक ठिकाणी तोच प्रश्न चाबकानं आणि मिरच्यांच्या धुरीनं विचारला गेला, आणि उत्तर देणारीची कातडी सोलली गेली. २०१३ साली, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा भूत उतरवण्याच्या नावाखाली दिली जाणारी ही धुरी त्याच्या अनुसूचीत नाव घेऊन लिहावी लागली. विनोदी लेखात हे मध्येच कुठं आलं, असं कुणाला वाटेल. पण समंधाच्या साडीला हसायचं तर तेही ठाऊक असलेलं बरं.

पुन्हा भुतांच्या एकटेपणाकडे यायचं, तर वेताळाचंच बघा. 'चांदोबा'त ज्यांनी बालपण घालवलं त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र असेलच : विक्रम राजाच्या हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. ती चित्रं शंकर काढायचे. लहानपणी मला वेताळाची भीती वाटायची, आता दया येते. झाडाला उलटं लटकून किती दिवस काढले असतील कोण जाणे. अखेर एक माणूस येतो, आणि तोही मुका, कारण बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार. मग हा काय करतो? गोष्ट सांगतो. शेवटी प्रश्न घालतो आणि धमकी देतो की उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलतो. वेताळ परत झाडावर. राजा परत येतो. पुन्हा गोष्ट. लोक याला परीक्षा म्हणतात. मला हा सरळसरळ गप्पांचा डाव वाटतो. रात्रभर सोबत मिळावी, समोरच्यानं हुंकार द्यावा, उठून जाऊ नये, आणि गेलाच तर परत यावा! रेल्वेच्या बाकावर बसणारे निवृत्त लोक याहून वेगळं काय करतात? शेवटच्या गोष्टीला राजा निरुत्तर होतो, तेव्हा खरं तर वेताळ जिंकला. पण तो राजाला सांगतो की तुला इथं पाठवणारा भिक्षू तुझाच बळी देणार आहे, आणि त्यातून सुटायची युक्तीही सांगतो. आमच्या भुतांमध्ये मैत्री शोधणारं कुणी असेलच, तर ते हे. फक्त त्यानं ट्रे आणला नाही, पंचवीस गोष्टी आणल्या.

तर लिओ. शहरात हिंडताना त्याला पदपथावर खडूनं चित्र काढणारी जेन भेटते. तिला तो दिसतो. ती त्याला घाबरत नाही, कुठला, कुणाचा विचारत नाही, खेळायला घेते. ती राजा, हा तिचा सरदार. तिला वाटतं हा आपल्या मनातला, कल्पनेतला दोस्त आहे, आणि लिओही तसं वाटू देतो. पुढे रात्री तिच्या घरात चोर शिरतो. चोराला लिओ दिसत नाही, मग घाबरणार कसा? लिओ एक चादर शोधतो आणि डोक्यावरून घेतो. हा पुस्तकातला सर्वांत झकास विनोद, आणि तो चित्रकारानंही मस्त रंगवलाय : खरं भूत, पण माणसानं घाबरावं म्हणून त्याला भुताचं सोंग घ्यावं लागतं. चोर कोंडला जातो. लिओ जेनला खरं काय ते सांगतो, की मी काल्पनिक नाही, मी भूत आहे. ती म्हणते, मग तर फारच छान. आणि मध्यरात्री दोघं पुदिन्याचा चहा आणि मधाचा टोस्ट घेऊन बसतात.

आमचा न्यू जर्सीकर इथं टाळ्या वाजवून झोपायला गेला. मावशी बसून होती. गोष्ट तिनं शेवटपर्यंत ऐकली होती, हे मला तिच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं.

तिचा हिशेब असा : वाडीत घरं तेवीस, उघडी सात. बाकीच्यांना कुलूप. माणसं मुंबईला, ठाण्याला, पलीकडे अमेरिकेला. गणपतीत पाच दिवस येतात, शिमग्याला दोन. बाकी वर्षभर आत धूळ. भावकीतला कोणी झाडायलाही जात नाही, कारण झाडायला गेला की हिस्सा मागायला आला असं दुसऱ्याला वाटतं. या पोराला एकटं राहायची सवय आहे, धुळीत चित्रं काढतो, वाचतो, चोर पकडतो, खायला फारसं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे सातबारावर नाव चढवायला मागणार नाही. तर त्याला इथं बोलवायला काय हरकत आहे? पहिले चार महिने समोरच्या दादांच्या घरात राहू दे, आवडलं तर पुढे.

मी म्हटलं, "पिंपळावरचा मुंजा काय म्हणेल?"

"तो काय म्हणतलो? तोव पोरच."

हे मला सुचलं नव्हतं. मुंजा म्हणजे आठ-दहा वर्षांचा मुलगा, पिढ्यान्‌पिढ्या त्या पिंपळावर एकटा, आणि त्याला आम्ही नारळ, दहीभात सगळं दिलं, पण खेळतोस का असं काही कोणी विचारलेलं नाही. मी तसं म्हणणार होतो, तेवढ्यात मावशीला मुलाखतीतला महत्त्वाचा मुद्दा आठवला.

"माडांवर माकडां येतत. शहाळी आसडून टाकतत. ह्यो दिसाकच नाय तर माकडां भियातली कशी?"

मी म्हटलं, खरं आहे.

"तेका सांग," मावशी वाती डब्यात भरत म्हणाली, "येताना चादर घेवन ये."